सीसी विचारण्याआधी वजन विचारा

या वेळच्या टपालात जुनी पिकअप घेणाऱ्यांची पत्रं बरीच होती. गाड्या वेगळ्या, गावं वेगळी, पण बहुतेकांचा प्रश्न एकच: इंजिन लहान घ्यावं की मोठं, म्हणजे सीसी (इंजिनाचा आकार) कमी की जास्त? म्हणून हे सदर पूर्ण त्यालाच दिलं आहे. पत्रं थोडी कापून छापली आहेत.

प्रश्न : हापूसच्या पेट्या आंबा घाटाने कोल्हापूरला नेतो. आजवर भाड्याची गाडी करत होतो. आता २०१६चा छोटा हत्ती (टाटा एस, ७०२ सीसी) २ लाख १० हजारांना मिळतोय आणि त्याच सालची अशोक लेलँड दोस्त (१४७८ सीसी) ३ लाख ८० हजारांना. आंब्याचे दोन महिने सोडले तर गावातली किरकोळ भाडी असतात. छोटा हत्ती ४० पेट्या घाटातून नेईल ना?
– एक वाचक, रत्नागिरी तालुका

उत्तर : नेईल, आणि पासिंगमध्ये (आरसीवरच्या वजनमर्यादेत) राहून नेईल. पाच डझनाची लाकडी पेटी भरून साधारण १८ ते १९ किलो होते. ४० पेट्यांचे झाले ७४० किलो, आणि या गाडीची क्षमता ७५० किलो आहे. प्रश्न आहे तो घाटात वेग किती राहील याचा.

इथे सीसी बाजूला ठेवा आणि भरलेल्या गाडीच्या दर टनामागे किती एचपी (हॉर्सपॉवर, म्हणजे इंजिनाची ताकद) मिळतात ते काढा. छोटा हत्ती भरून सुमारे १५५० किलो, इंजिन १६ एचपी, म्हणजे टनामागे १० एचपी. दोस्त भरून सुमारे अडीच टन, इंजिन ५८ एचपीच्या आसपास, म्हणजे टनामागे २३. चढ १०० मीटरला ८ मीटर धरला, टायरचं घर्षण आणि गिअर-डिफरन्शिअलमध्ये जाणारी ताकद वजा केली, तर छोटा हत्ती पूर्ण दमात ताशी २५ किमीच्या वर चढू शकत नाही. त्याच हिशोबाने दोस्त ताशी ५५पर्यंत जाईल. वळणांमुळे तेवढा वेग कुणी घेणार नाही, पण ती ताकद शिलकीत राहते आणि इंजिन निम्म्या दमावर चालतं. कोकणातल्या मे महिन्याच्या उन्हात हा फरक मोठा असतो, कारण पूर्ण दमावर अर्धा तास चढणाऱ्या इंजिनाची बरीच उष्णता रेडिएटरला बाहेर टाकावी लागते.

छोट्या हत्तीचं इंजिन दोन सिलिंडरचं, बिनटर्बोचं आहे. साधं आणि चिवट. ते बिघडतं ते बहुतेक ड्रायव्हरच्या घाईमुळे. मागे एसटी हॉर्न देते म्हणून सेकंडची गरज असताना गाडी थर्डमध्ये दामटली जाते, इंजिन गुदमरतं, कूलंट तापतं आणि हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) जातं. खालच्या गिअरमध्ये शांतपणे चढली तर गाडी तक्रार करत नाही. घेताना रेडिएटरची जाळी बाहेरून चिखलाने बुजली आहे का आणि पंखा सुरू होतो का, हे मात्र नक्की पाहा. कूलंटच्या जागी नुसतं पाणी भरलेलं असेल तर आतून गंज धरलेला असणार.

आता तुमचा निर्णय. तोडणीच्या ऐन दिवसांत एका खेपेला ४०पेक्षा जास्त पेट्या किती वेळा होतात ते गेल्या वर्षीच्या वहीत पाहा. आठवड्यात तीन-चार वेळा ५५–६० होत असतील तर दोस्त घ्या. तिची क्षमता १२५० किलो आहे, त्यामुळे ६० पेट्यांनंतरही जागा उरते. आकडा ४०च्या आतच राहत असेल आणि वर्षभराची भाडी गावातलीच असतील, तर उरलेल्या दहा महिन्यांसाठी १ लाख ७० हजार जास्त गुंतवू नका.

प्रश्न : रोज ४० ते ४५ क्रेट टोमॅटो नारायणगाव भागातून माळशेज घाटाने कल्याणला जातो, सीझनला ६० क्रेट. जाऊन-येऊन २६० किमी. २०२१ची टाटा इंट्रा व्ही १० (७९८ सीसी) घ्यावी की २०१८ची बोलेरो पिकअप १.३ टनी (२५२३ सीसी)? घाटात मोठंच इंजिन लागतं असं सगळे सांगतात.
– शेतकरी वाचक, जुन्नर तालुका

उत्तर : तुमचा माल घाट चढत नाही, उतरतो. चढताना गाडीत रिकामे क्रेट असतात. त्यामुळे ‘घाट ओढेल का’ हा तुमचा मुख्य प्रश्नच नाही. तसंही वरच्या हिशोबाने दोन्ही गाड्या सारख्याच निघतात. बीएस ६ (२०२०पासूनच्या प्रदूषण नियमांची) व्ही १० आहे ४४ एचपी आणि भरून सुमारे २.१ टन. बीएस ४ (त्याआधीच्या नियमांची) बोलेरो ६३ एचपी आणि भरून सुमारे ३ टन. टनामागे दोन्हींना २१ एचपी. सीसीमध्ये तिपटीचा फरक असून चढण्याची ताकद एकच, हे पुष्कळांना खरं वाटत नाही.

मग फरक कुठे? पहिला, वजनात. २० किलो टोमॅटो अधिक क्रेट, असे २२ किलो धरा. ४५ क्रेटचे ९९० किलो होतात, म्हणजे व्ही १०ची १००० किलोंची मर्यादा अगदी काठोकाठ भरली. ६० क्रेटचे १३२० किलो, ते तिच्यात कायद्याने बसत नाहीत. बोलेरोच्या आरसीवर भरलेलं आणि रिकामं अशी दोन वजनं छापलेली असतात. त्यांची वजाबाकी करून ६० क्रेट नेमके बसतात का ते त्या विशिष्ट गाडीसाठी पाहा, कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या क्षमतेच्या गाड्या विकल्या गेल्या आहेत.

दुसरा फरक उतारावर. डिझेल गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन स्वतःच ब्रेकचं काम करतं, आणि तो ब्रेक इंजिनाच्या आकारावर अवलंबून असतो. इथे सीसीला खरी किंमत आहे. २५२३ सीसीचं चार सिलिंडरी इंजिन ३ टनांना थर्डमध्ये जसं धरून ठेवतं, तसं ७९८ सीसीचं दोन सिलिंडरी इंजिन २ टनांनाही धरत नाही. एक गिअर खाली घ्यावा लागतो, ब्रेकवर पाय जास्त पडतो, ड्रम तापतात. कोणतीही गाडी घेतलीत तरी ज्या गिअरने घाट चढता त्याच गिअरने उतरा आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका. इंजिन बंद झालं तर दोन-तीन वेळा दाबल्यावर ब्रेकचा बूस्टर रिकामा होतो आणि पॅडल दगडासारखं कडक होतं.

डिझेलचं म्हणाल तर भरलेल्या गाड्यांचं ॲव्हरेज बोलेरोला १२ आणि व्ही १०ला १६ धरू. खेपेला २१.७ लिटर विरुद्ध १६.२५ लिटर. डिझेल ९० रुपये धरलं तर रोजचा फरक ४९० रुपये. पण बोलेरोने ६० क्रेट नेले आणि व्ही १०ने ४५, तर दर क्रेटला दोन्हीकडे ०.३६ लिटरच लागतं. बोलेरो महाग पडते ती अर्धी रिकामी नेल्यावर. ३० क्रेटवर तिला क्रेटमागे ०.७२ लिटर लागतं, व्ही १०ला ०.५४.

आमचं मत : सीझन वर्षातून तीन महिन्यांपेक्षा जास्त चालत असेल तर बोलेरो. नाहीतर व्ही १० घ्या आणि वरच्या १५ क्रेटसाठी त्या दिवसांत शेजाऱ्याच्या गाडीत जागा धरा. १४९६ सीसीची इंट्रा व्ही ३० (७० एचपी, १३०० किलो, म्हणजे ५९ क्रेट) तुमच्या बजेटमध्ये मिळाली तर आधी ती पाहा, कारण तुमचं काम या दोन गाड्यांच्या बरोबर मधलं आहे.

बोलेरो पाहायला गेलात तर मागच्या चाकांमध्ये वाका. बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलजवळ एक ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो आणि त्याचा दांडा ॲक्सलला जोडलेला असतो. माल भरला की गाडी बसते, दांडा सरकतो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. कुणी ओव्हरलोडसाठी जादा पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) घातले असतील तर गाडी बसतच नाही. व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते, मागचे ब्रेक कमी लागतात आणि सगळा भार पुढच्यांवर येतो. भरलेल्या गाडीने माळशेज उतरणाऱ्या माणसाने हे इंजिनाच्याही आधी तपासावं.

प्रश्न : २०१७ची २५२३ सीसी पिकअप पसंत पडली आहे. मीटरवर ८४ हजार किमी आहेत. मालक म्हणतो, इंजिन उघडलेलंच नाही. मेकॅनिकशिवाय काय तपासता येईल?
– एक वाचक, सांगोला

उत्तर : आधी मीटर. धंद्यातली पिकअप दिवसाला १०० किमी धरली तरी वर्षाला ३० हजार होतात. इतक्या वर्षांच्या गाडीचे ८४ हजार फक्त घरच्या शेतावर वापरलेल्या गाडीलाच शोभतात. क्लच पॅडलचं रबर, स्टिअरिंगची झिजलेली बाजू, ड्रायव्हर सीटचा बसलेला कोपरा आणि जुनी सर्व्हिस बिलं यांचा मेळ मीटरशी बसतो का ते बघा.

मालकाला आदल्या रात्री सांगा की तुम्ही पोहोचेपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा इंजिनाला हात लावा. कोमट असेल तर सकाळी कुणीतरी आधीच सुरू केली आहे आणि पुढच्या तपासणीला अर्थ राहत नाही. परत दुसऱ्या दिवशी या.

थंड असतानाच कूलंटचं झाकण काढा. वर तेलाचा तवंग नको. डिपस्टिकवर तेल काळं असणारच, डिझेलमध्ये ते नेहमीचं आहे. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. पातळी वरच्या खुणेच्याही वर असून डिझेलचा वास आला तर एखादा इंजेक्टर गळतोय.

मग स्टार्ट. दोन-तीन सेकंदांत लागली पाहिजे. थंडीत थोडा पांढरा धूर चालतो, अर्ध्या मिनिटात विरला पाहिजे. विरलाच नाही आणि त्याला गोडसर वास आला तर कूलंट जळतंय. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. जोर दिल्यावर सतत काळा धूर येत असेल तर एअर फिल्टर, टर्बोचा फाटका पाइप किंवा इंजेक्टर. यातल्या पहिल्या दोन गोष्टी स्वस्त आहेत, तिसरी नाही.

गाडी दहा मिनिटं चालू ठेवून तेल भरायचं झाकण फिरवून काढा आणि उलटं करून तोंडावर नुसतं ठेवा. चांगल्या इंजिनावर ते जागच्या जागी थरथरतं. रिंगा-लायनर झिजलेल्या इंजिनावर ते उडतं आणि तोंडातून भक-भक धूर येतो. तसं दिसलं तर इंजिनाचं मोठं काम निघालं आहे असं समजा. एक-दोन गॅरेजचा अंदाज घ्या, तो पूर्ण खर्च किमतीतून कापा किंवा गाडी सोडा.

यानंतर चालवून पाहा, पण रिकामी नको. मालकाच्या गोदामातलं निदान ५०० किलो सामान टाकून पाहा. रिकाम्या हौद्यावर कुठलंही इंजिन चांगलंच वाटतं. थर्डमध्ये चढावर जोर द्या. आवाज वाढला आणि वेग वाढला नाही तर क्लच प्लेट संपली. उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर गिअर आपोआप निसटत असेल तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. मागून ‘हूं’ असा सूर येत असेल, तो जोर दिल्यावर बदलत असेल, तर क्राऊन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधले गिअर) झिजलंय.

शेवटी एवढा एक खर्च करा : जवळच्या डिझेल पंपवाल्याकडे नेऊन चारही इंजेक्टरचा रिटर्न मोजून घ्या. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला एकेक बाटली लावतात आणि इंजिन काही मिनिटं आयडलवर ठेवतात. चारही बाटल्यांत डिझेल सारखं आलं पाहिजे. एक बाटली बाकीच्यांच्या दुप्पट भरली तर तो इंजेक्टर गेला.

चासीही विसरू नका. मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ वेल्डिंगचे थर किंवा नव्या रंगाचा पट्टा दिसला तर ही गाडी कधीतरी वाकलेली आहे.

प्रश्न : शहरात पाण्याचे २० लिटरचे जार पोहोचवतो. दिवसाला ३५–४० किमी, ६०–७० थांबे. डिझेलचा छोटा हत्ती की मारुती सुपर कॅरी (११९६ सीसी) पेट्रोल किंवा सीएनजी?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : डिझेल नको. दर अर्ध्या किलोमीटरला बंद-चालू होणारं डिझेल इंजिन नीट तापतच नाही, आणि तुमच्या ३५ किमीत डिझेलची बचत दिसणारही नाही. सुपर कॅरीचं चार सिलिंडरी पेट्रोल इंजिन ७३ एचपीचं आहे. ७४० किलोंसाठी ते गरजेपेक्षा जास्तच आहे, त्यामुळे फार ताणाशिवाय चालतं. सीएनजीमध्ये सिलिंडरच्या वजनामुळे क्षमता ६२५ किलोंवर येते. भरलेला जार २१ किलो धरला तर पेट्रोलवर ३५ जार, सीएनजीवर २९. खेपा वाढल्या तरी चालत असतील तर सीएनजी, नाहीतर पेट्रोल. जुनी सीएनजी गाडी घेताना सिलिंडरच्या पाटीवरची चाचणीची तारीख वाचा. दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) लागते. बाहेरून बसवलेलं किट असेल तर आरसीवर त्याची नोंद हवीच.

प्रश्न : बोलेरोचं २५२३ सीसी इंजिन बीएस ४मध्ये ६३ एचपी आणि बीएस ६मध्ये ७५ एचपी. मग जास्त पैसे देऊन बीएस ६ घ्यावी का?
– एक वाचक, अकोला

उत्तर : गाडी कोणत्या रस्त्यावर चालणार त्यावरून ठरवा. १ एप्रिल २०२०पासूनच्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत सहसा काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ असते. साठलेली काजळी जाळायला गाडी अधूनमधून सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगाने धावावी लागते. अकोला ते नागपूर अशा हायवेवर हे आपोआप होतं, आणि वरच्या १२ एचपींचा फायदा भरलेल्या गाडीला ओव्हरटेक करताना लगेच जाणवतो. बाजार समिती ते दुकान अशा चार-पाच किमीच्या फेऱ्यांत मात्र जाळी तुंबते, दिवा लागतो आणि गाडीचा जोर आपोआप कमी होतो. अशा कामाला बीएस ४ कमी कटकटीची. बीएस ६ घेताना स्कॅनर लावून काजळीची पातळी आणि अर्धवट राहिलेल्या सफाया पाहा. कुणी ‘जाळी काढून टाकली आहे, टेन्शन नाही’ असं सांगत असेल तर ती गाडी घेऊ नका. ती बेकायदा आहे आणि फिटनेसला अडकेल.

प्रश्न : चिरे (जांभा दगड) वाहण्यासाठी टाटाची योद्धा पिकअप पाहतो आहे. जुनं २९५६ सीसीचं इंजिन जास्त ओढतं की नवं २१७९ सीसीचं?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : नवं. ते सीसीने लहान असलं तरी १०० एचपीचं आहे, जुनं २९५६ सीसीचं त्याहून कमी ताकदीचं. पण तुमच्या कामात मोठं इंजिन एक धोका घेऊन येतं : ते ओव्हरलोड लपवतं. चिरा २५ ते ३० किलोंचा. ५० चिऱ्यांचे सव्वा ते दीड टन होतात आणि हौदा तरीही अर्धा रिकामा दिसतो, म्हणून आणखी ४० टाकले जातात. इंजिन कुरकुर न करता ओढतं, पण हब बेअरिंग, ॲक्सल, पाटे आणि ब्रेक तेवढ्यासाठी बनवलेले नसतात, आणि वाट लागते ती त्यांची. ओव्हरलोडचा दंड २० हजार, वर दर जादा टनाला २ हजार, आणि जादा माल तिथेच उतरवावा लागतो. खेपेला दोन टनांच्या वर माल नेहमीच असेल तर पिकअपच्या इंजिनांची तुलना थांबवा आणि जुनी टाटा ४०७ (लहान ट्रक) बघा. चिरेखाणीवर चाललेली पिकअप, कितीही स्वस्त असली तरी, चासी रॅम्पवर चढवून खालून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

प्रश्न : मोठ्या इंजिनाला विमा आणि कागदपत्रं महाग पडतात का?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : नाही. थर्ड पार्टी विम्याला सीसी पाहतात ते खासगी मोटारींसाठी. मालवाहू गाडीला भरलेलं वजन पाहतात, आणि ७५०० किलोंपर्यंत एकच पायरी आहे. त्यामुळे छोटा हत्ती आणि बोलेरो एकाच रांगेत येतात. परमिटची रेषा ३००० किलोंवर आहे. भरलेलं वजन त्याच्या आत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही, म्हणून आरसीवर २९९० आहे की ३०५० हे वाचाच. लायसन्स साधं एलएमव्ही (हलक्या गाडीचं) पुरतं. फिटनेस गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर २ वर्षांनी आणि पुढे दरवर्षी, म्हणून आठव्या वर्षाच्या आसपासच्या गाडीच्या किमतीत हा खर्च धरून घासाघीस करा.

टोकन देण्याआधी इंजिनावर ठोकलेला नंबर कापडाने पुसून आरसीशी ताडा. इंजिन बदललेलं असून नोंद नसेल तर नाव ट्रान्सफर अडतं. कर्जाचा बोजा असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ आणि ना हरकत पत्र हातात आल्यावरच उरलेली रक्कम द्या. नाव ट्रान्सफरच्या फॉर्म २९ आणि ३०वरच्या सह्या त्याच दिवशी घ्या, आणि न भरलेली ई-चलनं विकणाऱ्याकडून तुमच्यासमोर भरून घ्या.